कथाखेळात एखादा खेळाडू गैरहजर असेल तर काय करायचं?



टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम आता आपल्याकडेही काही घरांत आणि शाळांत खेळले जाऊ लागले आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आपण सूत्रधार म्हणू. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित. आपलं पात्र काय करणार ते खेळाडू तोंडाने सांगतो आणि ते जमलं की फसलं हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, आठवड्यामागून आठवडे चालते.

आणि इथेच अडचण सुरू होते. क्रिकेटला एक जण आला नाही तर दुसरा घेता येतो. इथे मागच्या शनिवारी गोष्ट गुहेच्या मध्यावर थांबलेली असते, समोर राक्षस उभा, आणि पुरोहिताचं पात्र घेतलेली मुलगी आज मामाच्या लग्नाला गेलेली! तिच्या पात्राचं करायचं काय?

गंमत म्हणजे खेळ निघाला तेव्हा हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. १९७४ च्या मूळ पुस्तिकेत एका खेळासाठी चार ते पन्नास खेळाडू चालतील आणि एका पंचामागे साधारण वीस जण असावेत, असं धरलेलं आहे. (आपल्या प्राथमिक वर्गाच्या तीसास एक या प्रमाणापेक्षा बरंच म्हणायचं!) एवढ्या लोकांत जे येतील ते खेळायचे. पुढे चार-पाच जणांचा ठरलेला गट आणि सलग लांब गोष्ट अशी पद्धत रुळली, तेव्हा एकाची गैरहजेरी सगळ्यांना जाणवू लागली. म्हणजे दोष न येणाऱ्या मुलाचा कमी आणि गोष्टीच्या बांधणीचा जास्त आहे. मला वाटतं, उपायही तिथूनच सुरू करावा.

बेन रॉबिन्स नावाच्या एका अमेरिकन सूत्रधाराने 'वेस्ट मार्चेस' नावाचा खेळ असाच बांधला होता. खेळाडू डझनभर, पण ठरलेला वार नाही की ठरलेला गट नाही. ज्यांना जमेल ते एकत्र येत आणि कुठे जायचं तेही तेच ठरवत. नियम एकच महत्त्वाचा: प्रत्येक बैठक गावातून निघायची आणि गावात परत येऊन संपायची. मग पुढच्या वेळी कोणीही आलं नाही तरी त्याचं पात्र गावातच आहे, काही खुलासा द्यावा लागत नाही. वर्गासाठी मला हीच रचना सर्वांत सोयीची वाटते. तास संपायला दहा मिनिटं राहिली की गोष्ट धर्मशाळेत, बोटीवर, निदान शेकोटीपाशी तरी आणायची. उत्कंठेच्या टोकावर थांबायचा मोह होतो, पण पुढच्या शनिवारी हजेरी किती असेल याची खात्री नसेल तर तो मोह आवरावा.

तरीही कधी गुहेतच थांबावं लागतं. अशा वेळी बैठक रद्द करावी का? ग्रामसभेला गणपूर्ती लागते तशी आधीच ठरवून घ्या. पाचपैकी तिघे असतील तर खेळायचं, त्याहून कमी असतील तर एका दिवसात संपणारी वेगळी छोटी गोष्ट घ्यायची. जे आले त्यांना घरी पाठवू नये. येणाऱ्यालाच शिक्षा झाल्यासारखं होतं ते.

आता ते रिकामं पात्र. ते कथेतून हळूच बाजूला करता येतं: ताप आला, मागे पहाऱ्याला थांबला. किंवा सूत्रधार ते चालवतो, किंवा दुसऱ्या खेळाडूकडे देतात. मुलांना तिसरा प्रकार फार आवडतो आणि भांडणंही त्यातूनच होतात. एकाने मित्राच्या चोराला मुद्दाम सापळ्यात ढकललं की सोमवारी वर्गात अबोला. म्हणून परवानगी आधी घ्यायची आणि मर्यादा सांगायची. दुसऱ्याच्या हातात असताना ते पात्र मरणार नाही, त्याची जपून ठेवलेली जादूची वस्तू खर्च होणार नाही, त्याच्या नावाने वचन दिलं जाणार नाही. माझं पात्र मी नसताना माझं राहतं, हा विश्वास मुलाला मिळाला पाहिजे.

गुणांचं काय? काही गट हजर राहणाऱ्यालाच अनुभवाचे गुण देतात. मोठ्यांच्या गटात ठीक असेल. मुलांच्या बाबतीत मी याच्या विरोधात आहे. दहा वर्षांचं मूल येतं की नाही हे त्याच्या हातात कुठे असतं? घरी लहान भावंड सांभाळायचं असतं, जत्रा असते, एसटी चुकते. गोष्टीच्या टप्प्यावर सगळ्यांची पातळी एकदम वाढवावी. न येणाऱ्याचा प्रसंग हुकला, तेवढं नुकसान पुरे आहे.

परत आलेल्याला 'मागे काय झालं' हे सूत्रधाराने सांगू नये. ते मुलांनीच सांगायचं आणि आलेल्याने प्रश्न विचारायचे. क्रम लावून सांगणं, दुसऱ्याचं ऐकून दुरुस्त करणं, हे सगळं भाषेचंच काम आहे आणि ते आपोआप होतं. फक्त 'तू का नव्हतास?' हा प्रश्न टेबलावर नको. तो एकट्याला, नंतर विचारावा. एखादं मूल सारखंच टाळत असेल तर कदाचित त्याला हा खेळ आवडतच नसेल. तेही चालतं, मोकळेपणाने जाऊ द्यावं.

लांबच्या गैरहजेरीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाणारी मुलं दिवाळीच्या आसपास निघतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एवढे महिने पात्राला 'ताप' आणता येत नाही. त्या पात्राला गोष्टीतच दूरच्या मोहिमेवर पाठवावं. निघण्यापूर्वी मुलालाच विचारावं, तुझं पात्र कुठे जातंय, कशासाठी? गटाने मधूनमधून त्याला खलिता लिहावा आणि पालकांच्या फोनवर वाचून दाखवावा. उत्तर आलं तर त्यातली एखादी गोष्ट, नवा रस्ता किंवा शत्रूची बातमी, खरोखर खेळात घ्यावी. उत्तर नाही आलं तरी त्याच्या पात्राचा कागद बाकीच्यांच्या कागदांबरोबर त्याच फाइलमध्ये ठेवावा आणि गटाची पातळी वाढेल तशी त्यावरही वाढवत जावी.

पालकांना एकच विनंती, येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. कारण सांगितलं नाही तरी चालेल. सूत्रधाराला गोष्ट शेकोटीपाशी वळवायला एक रात्र मिळाली तरी पुष्कळ होते.