गार इंजिनाचा सौदा

बाळा, जुना ट्रॅक्टर घेताना रंगावर जाऊ नकोस. माझा पहिला ट्रॅक्टर मी संध्याकाळी बघितला. मालकानं तो आधीच चालू करून ठेवलेला, आवाज खणखणीत. तिथंच इसार दिला. दुसऱ्या सकाळी तो काही केल्या सुरू होईना. पुढं वर्षभर मी तो उतारावरच उभा करायचो.

म्हणून सकाळी जा, आणि न कळवता जा. बॉनेट उघडून इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर गोड बोलून परत फिर, दुसऱ्या दिवशी जा.

गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढ. पाण्यावर तेलाचा तवंग असला, किंवा ऑइलची पट्टी दुधाळ निघाली, तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय. हेडचं पॅकिंग गेलं असेल, नाहीतर ब्लॉकला चीर असेल. मग चालू करायला लाव. सुरुवातीचा पांढरा धूर विरला तर हरकत नाही. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. रिंगा-लायनरचं काम निघणार. काळा धूर बहुधा नोझलचा किंवा चोंदलेल्या एअर क्लीनरचा. घाबरू नकोस, पण तो खर्च भावातून कापून घे.

लिफ्टला नांगर जोडून वर उचल, इंजिन बंद कर आणि निवांत पान लाव. पान संपायच्या आत नांगर जमिनीला टेकला तर लिफ्ट गळतेय. भरलेली ट्रॉली लावून चढ चढव; गिअर निसटतो का, क्लच घसरतो का, तिथंच कळतं. तासांच्या काट्यापेक्षा क्लचच्या पायडलाकडं बघ, ते किती झिजलंय. मागचे दोन टायर बदलायचे झाले तर सौद्याचा सगळा हिशेब बदलतो.

मॉडेल असं घे, ज्याचे पार्ट तालुक्याला मिळतात. मॅसी १०३५ किंवा महिंद्रा २७५ ला मिस्त्री शोधावा लागत नाही. एचएमटी २५११ दोन सिलिंडरचा, चिवट गडी. पण एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं २०१६ मध्येच ठरलं. तो घ्यायचा तर आधी पार्टवाल्याला विचार.

सातबाऱ्यावर बघतोस तसा आरसीवरही बँकेचा बोजा बघ. बोजा असला तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. चासी आणि इंजिन नंबर स्वतः घासून, पुसून आरसीशी ताडून बघ. नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का विचार. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या समोर घे.

एवढं बघूनही इसार त्या दिवशी देऊ नकोस. एखाद्या मिस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन सोबत ने आणि पुन्हा बघून ये. फक्त तो ट्रॅक्टर आजवर दुरुस्त करणारा मिस्त्री नेऊ नकोस.