खर्च वाढला? आधी खुलासा पारखा

पारशिवनीत लोखंडी शेड उभारणारा कारागीर असो की नागपूरचा मोठा ठेकेदार, अंदाजपत्रक आणि शेवटचे बिल यांत फरक पडतोच. फरक पडणे हा गुन्हा नाही. भांडण होते ते खुलाशावरून. गिऱ्हाईक बिल हातात घेते आणि विचारते, "भाई, ठरले काय होते आणि मागता काय?" उत्तर मिळते, "महागाई वाढली, काम वाढले." एवढ्यावरच जुने गिऱ्हाईक तुटते. म्हणून लेखी खुलासा कसा पारखावा, ते आज पाहू.

आधी मोठे उदाहरण घेऊ. आपल्या पेंचचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते. त्याच वैनगंगेवर पुढे भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. 1983 साली या प्रकल्पाचा अंदाज 372 कोटी रुपयांचा होता. पुढे सुधारित अंदाज 18,494 कोटींवर गेला, म्हणजे जवळपास पन्नास पट! एवढा फरक 'महागाई' या एका शब्दात मावत नाही. दरवाढीचा वाटा किती, भूसंपादन व पुनर्वसनाचा किती, आराखडा बदलल्याचा किती, हे वेगवेगळे मांडावे लागते. कारणांची नुसती यादी म्हणजे खुलासा नव्हे. प्रत्येक कारणापुढे रक्कम हवी.

आता आपल्या कामाकडे येऊ. समजा, शेडसाठी 1,500 किलो लोखंड, 60 रुपये दराने, म्हणजे 90,000 रुपये धरले होते. प्रत्यक्षात 1,700 किलो लागले आणि दर 65 रुपये पडला. खर्च झाला 1,10,500 रुपये. फरक 20,500 रुपयांचा. त्याचे दोन भाग करा:

दराचा फरक: 1,700 किलोवर 5 रुपये, म्हणजे 8,500 रुपये.
मालाचा फरक: 200 किलो जादा, 60 रुपयांनी, म्हणजे 12,000 रुपये.

बेरीज 20,500 बरोबर जुळते. आणि लगेच दिसते की 'महागाई' निम्मीही नाही. मोठा भाग जादा मालाचा आहे.

मग पुढचा प्रश्न येतो: 200 किलो जादा का लागले? गिऱ्हाइकाने शेडची उंची वाढवून मागितली असेल, तर पैसे त्याने द्यावेत. माप घेताना आपलीच चूक झाली असेल, तर ती आपण सोसावी. हे न लिहिलेला खुलासा अर्धाच.

म्हणून कोणताही खुलासा पाच प्रश्नांवर घासून पाहावा. फरक रुपयांत लिहिला आहे काय? सर्व कारणांची बेरीज एकूण फरकाशी जुळते काय? प्रत्येक कारणाला पावती, वजनकाट्याची चिठ्ठी किंवा तारखेसह लेखी मागणी यांचा आधार आहे काय? भार कोणी सोसायचा, हे सांगितले आहे काय? आणि उरलेल्या कामात आणखी किती फरक पडेल, हे लिहिले आहे काय?

खर्च कमी झाला, तरीही हेच प्रश्न विचारा. माल हलका वापरून झालेली बचत ही बचत नव्हे.

भागीदारीत तर हा खुलासा फारच महत्त्वाचा. भागीदाराने पैसा विश्वासाने दिलेला असतो. त्याला हिशेब मागावा लागू नये. आम्ही सुचवतो की या आठवड्यात मागच्या एखाद्या कामाचे अंदाजपत्रक आणि बिल शेजारी ठेवून बसा, आणि फरकाचा खुलासा एका पानात लिहून पाहा. बेरीज जुळली नाही, तर चूक कुठे आहे ते तुम्हाला गिऱ्हाइकाच्या आधी कळेल.