गाठ सोडण्यापूर्वी : संदेशातून फाइली काढण्याची रीत

सुरतेहून गाठ आली की आपण आधी बिल्टी व बीजक बाजूला काढतो, मग पट्ट्या कापून थान मोजतो. संदेशातून फाइली काढण्याचे कामही असेच आहे.

1980च्या दशकात युनिक्स संगणकांच्या टपालातून साधा मजकूरच जात असे. म्हणून अनेक फाइली एका मजकुरात बांधून पाठवीत. या गाठीला 'शार' म्हणत. गंमत अशी की, ती सोडण्याचे हुकूम तिच्यातच लिहिलेले असतात.

संदेशाच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचे नाव, तारीख व विषय असतो. पहिल्या कोऱ्या ओळीपाशी हा भाग संपतो. छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची लेखी यादी, तेवढा भाग कापते व उरलेला मजकूर शेलच्या हवाली करते. शेल म्हणजे हुकूम बजावणारा मुनीम. तो एकेक फाइल तयार करतो. पुष्कळ गाठींत अक्षरांची मोजणीही असते. आकडा जुळला नाही तर माल वाटेत बिघडला असे समजावे.

पण हा मुनीम हुकूम पारखत नाही. आपल्या फाइली पुसण्याचा हुकूम आत दडला असेल, तर तोही आपल्याच इजाजतीने बजावला जाईल. म्हणून वाचक बंधूंनी शार आधी वाचावी, मग साध्या खात्यातून, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावी. रिकाम्या फोल्डरमुळे जुन्या फाइलीवर त्याच नावाची नवी फाइल बसत नाही, इतकेच. वाईट हुकूम त्याने अडत नाही.

1992 साली माइम ही रीत आली आणि पुढे शार मागे पडली. आज मोबाइलवर बिलाच्या नावाने एपीके फाइल येते. ते बिल नव्हे, प्रोग्राम असतो.