आपल्या देहाविषयी खरी साक्ष

वाचनाचे भाग: उत्पत्ति १:३१ व २:७, १ राजे १९:४-८, स्तोत्र १३९:१३-१६, १ करिंथ ६:१९-२०, इफिस ५:२९.

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा गावी व आसपासच्या शिवारांत कापूस वेचणीचे दिवस आले, म्हणजे सायंकाळी परतणाऱ्या बायांचे बोलणे कानी पडते. कोणी म्हणते, "जळो मेली ही कंबर!" कोणी म्हणते, "पाय गेले कामातून, आता यांचा काय उपयोग?" एखादी मुलगी आरशात पाहून म्हणते, "माझं काळं तोंड कोण पाहणार?" हे बोलणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर आहे असे आपणांस वाटतही नाही. शेजाऱ्यास कोणी असे बोलले असते, तर मंडळीच्या पंचांपुढे तक्रार गेली असती. पण स्वतःच्या देहास दिवसातून दहा वेळा शिव्याशाप दिले तरी कोणी हटकीत नाही.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी देवाची आज्ञा आहे. आता आपणांस अति जवळचा शेजारी कोण, असे विचारले तर ज्या देहात आपण राहतो तोच नव्हे काय? म्हणून ह्या पाठात आपण एवढाच प्रश्न घेऊ: आपल्या देहाविषयी आपण रोज जी साक्ष देतो, ती खरी आहे काय?

१. शास्त्र देहाविषयी काय सांगते

प्रथम उत्पत्तीचे पुस्तक पाहू. देवाने मातीचा मनुष्य घडविला व त्यात आपला श्वास फुंकला. जे केले ते सर्व पाहून त्याने ते फार चांगले ठरविले. ह्या निकालात देह वगळलेला नाही. एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र त्याहून जवळ येते. आईच्या उदरात देवाने आपणांस विणले, असे स्तोत्रकर्ता कृतज्ञतेने कबूल करितो. तो हे गर्वाने बोलत नाही. कारागिराच्या हातचे काम पाहून जसा मनुष्य कारागिराची वाखाणणी करितो, तसे ते बोलणे आहे.

दुसरे, एलीयाची गोष्ट पाहा. तो थकून रतामाच्या झुडुपाखाली बसला व त्याने मरण मागितले. देवाच्या दूताने त्याला विश्वासाच्या उणिवेबद्दल दटाविले नाही. त्याला झोपू दिले, मग उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले व पुन्हा खाऊ घातले. पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे, हे दूताने मान्य केले. संदेष्ट्याच्या आत्म्याची सेवा देवाने त्याच्या पोटापासून सुरू केली.

येथे कोणी विचारील, "पौल तर १ करिंथ ९:२७ मध्ये आपण देहास दास करून ठेवितो असे सांगतो. मग देहाचे लाड कशास?" प्रश्न योग्य आहे. परंतु तेथे पौल शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला देत आहे. धावणारा आपल्या पायांस कह्यात ठेवितो, पण त्यांचा तिरस्कार करीत नाही. तोच पौल त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात देहास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, कलस्सैकरांस देहाची व्यर्थ छळणूक करणाऱ्या शिक्षणापासून सावध करितो, आणि तीमथ्यास त्याच्या दुखऱ्या पोटाची काळजी घेण्यास सांगतो. देहाला वळण लावणे निराळे व त्याला शाप देणे निराळे.

२. गोड खोटे हाही उपाय नव्हे

शापाच्या जागी स्तुती ठेविली म्हणजे झाले, असे काहींस वाटेल. सुमारे शंभर वर्षांपूर्वी फ्रान्स देशात एमिल कूए नावाचे एक औषधविक्रेते होते. आपण दिवसेंदिवस सर्व प्रकारे सुधारत आहोत, अशा अर्थाचे वाक्य सकाळ-सायंकाळ पुष्कळदा म्हणावे, असे ते शिकवीत. १९२६ साली ते वारले, परंतु त्यांची पद्धत जगभर पसरली व आजही ती निरनिराळ्या नावांनी शिकविली जाते.

तिच्यात तथ्यांश आहे, कारण मनुष्य जे वारंवार बोलतो त्याकडे त्याचे मन वळते. परंतु २००९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. ज्यांस आधीच स्वतःविषयी हीनपणा वाटतो, त्यांस आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य पुनःपुन्हा म्हणावयास लाविले असता त्यांचे मन हलके न होता उलट अधिक खिन्न झाले. ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. तोंड एक बोलते व अंतःकरण आतून नाकारते. मग ते वाक्य औषध न होता दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्यासारखे होते.

म्हणून ज्या बाईची कंबर खरोखर दुखते, तिने "माझी कंबर धडधाकट आहे" असे म्हणू नये. तीही खोटीच साक्ष होईल. पौलाने आपल्या देहातील काटा नाही असे कधी म्हटले नाही. काटा आहे व कृपाही आहे, असे तो म्हणाला. खऱ्या साक्षीत दोन्ही गोष्टी मावतात.

३. "हा पाय माझा आहे"

ह्याचा उत्तम धडा आपल्या विदर्भातील कुष्ठरुग्ण बंधुभगिनींपासून मिळतो. ह्या रोगाशी आपल्या मंडळ्यांचा संबंध जुना आहे. १८७४ साली वेलस्ली बेली ह्यांनी आरंभिलेल्या लेप्रसी मिशनचे इस्पितळ अमरावती जिल्ह्यात अचलपुराजवळ कोठारा येथे आहे. त्याच भागात इतरांनीही मोठी सेवा केली: वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी, अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी व वरोऱ्यास बाबा आमटे ह्यांनी.

पूर्वी लोकांची समजूत अशी होती की हा रोग बोटे खाऊन टाकितो. वेल्लोर येथे १९४६ साली आलेले डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी काळजीपूर्वक पाहून दाखविले की बहुतेक नाश रोगाने नव्हे, तर बधिरपणामुळे होतो. मज्जातंतू निकामी झाल्यामुळे वेदना कळत नाही. तापलेले भांडे हातास कळत नाही व काटा पायास कळत नाही. जखमेवर चालत राहिल्याने जखम खोल जाते. ब्रँड ह्यांस आणखी एक गोष्ट आढळली. वेदना गेली की तो अवयव आपला आहे ही जाणीवही जाते. रुग्ण आपल्या हाताकडे परक्या वस्तूप्रमाणे पाहू लागतो.

म्हणून अशा रुग्णास जे शिकवितात त्याचा आरंभ पाहण्यापासून होतो. रोज पाय हाती घेऊन तळवा नीट पाहावा. साध्या पाण्यात सुमारे अर्धा तास भिजवावा, जाड कातडी हलकेच घासून काढावी, ओलसर असतानाच तेल लावावे, मऊ तळाची चप्पल घालावी, व जखम दिसली तर पायास विसावा द्यावा. हे सर्व करणारा मनुष्य तोंडाने बोलो वा न बोलो, त्याचे हात एक वाक्य बोलत असतात: "हा पाय माझा आहे, आणि तो मला सोपविलेला आहे." ह्या वाक्यात खोटे काही नाही. पाय सुंदर आहे असे ते म्हणत नाही, बरा झाला असेही म्हणत नाही. तरी त्या एका वाक्याने पाय वाचतो.

आज ह्या रोगावर खात्रीचे औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो व सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्याच देशात आढळतात. लाजेने चट्टा झाकून ठेविणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपण ख्रिस्ती लोकांनी हेही लक्षात ठेवावे की ज्या १८६९ च्या कायद्याने आपले घटस्फोट होतात, त्यात कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे कारण म्हणून २०१९ पर्यंत लिहिलेले होते. त्या साली ते काढण्यात आले. कायद्याने आपली साक्ष दुरुस्त केली. आपल्या जिभेने ती केली आहे काय? प्रभूने कुष्ठरोग्यास बरे करण्याच्या आधी हात लाविला, हे मार्काच्या पहिल्या अध्यायात पाहावे.

४. धडधाकट माणसांचा बधिरपणा

बधिरपणा केवळ कुष्ठरोगानेच येतो असे नाही. गरिबीने येतो, सवयीने येतो, व "आमच्या जिवाची काय किंमत?" ह्या बोलण्यानेही येतो. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले आणि वीसाहून अधिक दगावले. त्यांचा दोष होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कित्येकांस हातमोजे वा मुखपट्टी कोणी दिलीच नव्हती. परंतु उरलेल्या आपण सर्वांनी त्यांचे स्मरण ठेवून देहाची किंमत ओळखावी. फवारणारा अंगभर कपडे, हातमोजे व मुखपट्टी मागेल तर ते नाजूकपणाचे लक्षण समजू नये. रिकाम्या पोटी किंवा वाऱ्याच्या तोंडास उभे राहून फवारू नये, तोटी तोंडाने फुंकू नये, व काम होताच साबणाने स्नान करावे. धन्याने ही साधने न देणे हे मंदिराची नासधूस करण्यासारखे आहे.

घरातही पाहा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सर्वांचे झाल्यावर उरले तर खाणारी आई दम लागला की "माझंच शरीर कमजोर" असे म्हणते. तिचे शरीर अपराधी नाही, उपाशी आहे. तिने साक्ष बदलली पाहिजे, व घरच्यांनी तिचे ताट बदलले पाहिजे.

५. साक्ष कशी द्यावी

वाक्य निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते खरे असावे, देवासमोर मोठ्याने म्हणता येईल इतके खरे. दुसरी, त्यात उपकारस्मरण असावे. तिसरी, त्याच्यामागे त्याच दिवशी एक लहानशी कृती यावी. उदाहरणार्थ:

"ह्या हातांनी आज दिवसभर कापूस वेचला. देवा, त्यांबद्दल तुझे उपकार." मग हात धुऊन त्यांस तेल लावावे.

"माझी कंबर दुखते, ती विसावा मागत आहे." मग अर्धा घटका पडावे, व दुखणे न थांबल्यास दवाखान्यात जावे.

"माझा वर्ण मला देवाने दिला आहे." मग मुलीसमोर पुन्हा कोणाच्याही रंगाची थट्टा करू नये.

"मला भूक आहे, आणि भूक हे पाप नाही." मग घरच्यांसोबत बसून जेवावे.

असे एकच वाक्य घेऊन ते सायंप्रार्थनेच्या वेळी सात दिवस म्हणून पाहावे. पहिल्या दिवशी ते तोंडात अडखळेल. जिभेस शापाची सवय पुष्कळ वर्षांची आहे, ती एका रात्रीत जाणार नाही. अडखळल्याबद्दल स्वतःस पुन्हा दोष देऊ नये.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

(१) गेल्या आठवड्यात आपण आपल्या देहाविषयी कोणते कठोर शब्द बोललो?
(२) दूताने एलीयास प्रथम काय दिले, व का?
(३) आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?
(४) ज्याच्या अंगावर व्यंग वा चट्टा आहे, असा कोणी आपल्या उपासनेत मागे बसतो काय? त्यास पुढे कोण बोलावील?

इफिस ५:२९ मुलांकडून पाठ करून घ्यावे. कुटुंबाने सायंकाळी एकत्र बसून प्रार्थना करावी, की ज्याने आपणांस मातीतून घडविले व ज्याने स्वतः देह धारण करून विहिरीजवळ थकून बसणे पत्करिले, तो प्रभु आपल्या जिभेस आपल्या देहाविषयी खरे व दयेचे बोलण्यास शिकवो. आमेन.