सोयाबीन कच्चे दळू नका

प्रश्न : घरचे सोयाबीन गव्हात दळते. लेकराचे पोट बिघडते. सोयाबीन बंद करू का?
– एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : ताई, बंद करू नका, फक्त कच्चे दळू नका. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिनरोधक घटक ती नीट पचू देत नाही. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते, शिजवलेल्यावर होते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले. डाळ करून उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटे शिजवा, कडक उन्हात वाळवा, मग ९ किलो गव्हाला १ किलो घाला. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने हा घटक बराच कमी असलेले एनआरसी १२७ वाण काढले आहे. तरी उकळणे चुकवू नये. आणि पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे धुऊनसुद्धा दळणात घालायचे नाही. एवढे करूनही त्रास राहिला तर सोयाबीन थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा; काही मुलांना सोयाबीनची अ‍ॅलर्जी असते.