दगड उचललास तर तसाच परत ठेव

पोरी,

आंबोली, अगुंबे, अंदमान अशी तीन नावं परवा फोनवर तू एका दमात घेतलीस. सगळीकडे जा. साप-बेडकांवर काम करायचं म्हणजे कधी ना कधी तिकडे जायलाच हवं. पण जैवविविधतेच्या एम.एस्सी.चं पहिलं वर्ष माझ्याकडे वारज्यात राहून काढणार आहेस, तर ते वर्ष वारज्यालाच दे. नव्या जंगलात गेलं की माणूस नावांच्या मागे लागतो. हा कोण, तो कोण, यादीत किती झाले, एवढंच डोक्यात राहतं. घराजवळच्या जागी नावं लवकर संपतात आणि मग बघायला सुरुवात होते. सरडा एप्रिलात कुठल्या दगडावर चढून जोर मारतो, त्याच्या गळ्याचा लाल रंग कधी उतरतो, ट्यूबलाइटमागच्या पालीची तुटलेली शेपटी किती दिवसांत भरून येते, हे एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

आणि मजा घे. हे मी सहज बोलत नाही. संवर्धनाच्या कामात बातम्या बहुतेक वाईटच येतात. टेकडी फोडली, ओढा बुजवला, रस्ता रुंद झाला. ज्याला रोज बघण्यातच गोडी नाही तो चार-पाच वर्षांत थकतो आणि दुसरी नोकरी धरतो. असे हुशार लोक मी जाताना पाहिलेत. जे टिकले त्यांना उकिरड्याजवळचा भेक पाहूनसुद्धा आनंद व्हायचा. ही शिदोरी आधी बांधून घे. शोधनिबंध मागून येतात.

सुरुवात पावसापासून कर. जूनमधल्या पहिल्या दमदार सरीनंतर त्याच रात्री बाहेर पडायचं. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलंस तर अर्धा खेळ संपलेला असतो. मुठेच्या काठची पाणथळ, बांधकामासाठी खणलेले खड्डे, टेकडीच्या पायथ्याशी साचलेली डबकी, जिथे पाणी आहे तिथे जा, पण पोचल्याबरोबर टॉर्च मारू नकोस. अंधारात दहा मिनिटं गप्प उभी राहा. तुझ्या पावलांनी थांबलेला आवाज आधी एका कोपऱ्यातून सुरू होईल, मग सगळं डबकं भरून जाईल. कान देऊन ऐकलंस तर जागांची वाटणी कळेल. मोठे बैलबेडूक उघड्या पाण्यात तरंगत ओरडतात, इवलेसे मायक्रोहायला काठच्या गवताच्या बुडाशी दडून, आणि झाडबेडूक झुडपावर नाहीतर जवळच्या भिंतीवर. कोण कुठून ओरडतो ते वहीत लिही, मोबाइलवर आवाज टिपून ठेव, मगच दिवा लाव.

टॉर्च कमरेशी धरायचा नाही. कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धर. म्हणजे बेडकांचे आणि कोळ्यांचे डोळे चमकून आपोआप दिसतात. त्या रात्री बैलबेडकाचा नर जवळून बघ. एरवीचा मळकट हिरवा प्राणी पिवळाधमक झालेला असतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा रंग थोडे दिवसच टिकतो. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी पहिल्या पावसात आजही घरात बसवत नाही.

डबक्यापासून थोडं दूर, भुसभुशीत मातीत एखादा गोलमटोल बेडूक दिसला तर तिथेच खाली बस. तो मागच्या पायांनी माती सारत, तुझ्याकडे तोंड ठेवूनच, हळूहळू जमिनीत उतरतो. टाचेजवळ खणण्यासाठी कडक उंचवटा असतो, त्याचं हे काम. शेवटी फक्त डोळे वर राहतात, मग तेही जातात. या बिळकरी बेडकांपैकी एक जात, स्फेरोथेका पश्चिमा, विज्ञानाच्या नोंदीत २०१७ साली आली, आणि ती आणणाऱ्यांत गरवारे महाविद्यालयाचे आनंद पाध्ये होते, आणि नीलेश डहाणूकरही. शहराच्या आसपास वर्षानुवर्षं दिसणाऱ्या प्राण्यालाही नाव मिळायला इतका वेळ लागतो. पुणे जिल्ह्यातच, खंडाळ्याला सापडलेल्या एका देवगांडुळाचं वर्णन एडवर्ड टेलर या अमेरिकी संशोधकाने १९६० मध्ये केलं: इंडोटिफलस बॅटर्सबी. बिनपायांचा, ओल्या मातीतला उभयचर. लोक गांडूळ समजून पुढे जातात. तेव्हा ‘इथे काय असणार’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

बेडकाला हात लावायचा नाही. अगदीच गरज पडली, गाडीखाली जाणारा बाजूला करायचा असेल, तर हात पाण्याने ओले करून. डासांसाठी ओडोमॉस लावलेल्या हाताने तर नाहीच, कारण बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, त्याबरोबर तुझ्या हातावरचं रसायनही घेतो. आणि एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट घासून धुवून, वाळवून मग घाल. कायट्रिड बुरशीने जगात काय केलंय ते तुला वर्गात शिकवतीलच. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा पाचशेवर उभयचर जातींची संख्या तिने घटवली होती आणि ९० जाती बहुधा संपल्याच होत्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी आढळल्याचं २०१३ मध्ये डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्याकडे तिने तशी साथ पसरवलेली नाही. पण आपल्या बुटांनी ती इकडून तिकडे न्यायची नाही.

आता दगडांचं. टेकडीवर दगड उचलून बघण्याची सवय या क्षेत्रात सगळ्यांना लागते. तुलाही लागेल, म्हणून रीत सांगून ठेवते. बोटं दगडाखाली घालू नकोस. काठीने किंवा हुकाने त्याची पलीकडची कड धर आणि दगड स्वतःकडे कलव, म्हणजे खाली फुरसं असो की विंचू, तुझ्या आणि त्याच्यामध्ये दगड राहतो आणि त्याला पळायला समोरची वाट मोकळी मिळते. बघून झालं की प्राणी आधी बाजूला होऊ दे, मग दगड होता त्याच खाचेत, त्याच बाजूने बसव. त्या दगडाखाली वर्षानुवर्षं धरून राहिलेली ओल असते. पालीची अंडी, मुंग्यांची वारुळं, विंचवाची पिल्लं त्या ओलीवर जगतात. उलटा टाकलेला दगड एका उन्हाळ्यात खालून कोरडा ठणठणीत होतो. टेकडीवर फिरायला येणारे पालथे दगड बघून पुढे जातील, पण तू तो सरळ करूनच पुढे जा.

वारज्याच्या टेकडीविषयी माझं एक मत आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. स्मृतिवन तू पाहिलंस. वनखातं, महापालिका, संस्था आणि इथल्या लोकांनी मिळून सुमारे ४० एकर उजाड जागेवर देशी झाडं वाढवली. ५ जून २०२० ला केंद्र सरकारने देशात २०० नगरवनं करण्याची योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याचंच नाव घेतलं. त्या वेळच्या नोंदीत २९ जातींचे पक्षी, १५ फुलपाखरं, १० सरपटणारे प्राणी आणि ३ सस्तन प्राणी होते. हे काम मोलाचं आहे, तिथली सावली मी रोज घेते. पण म्हणून पुण्याभोवतीचा प्रत्येक उघडा माळ ओसाड आहे आणि तिथे खड्डे करून झाडं लावलीच पाहिजेत, हे मला मान्य नाही. गळ्याखालची झालर उघडून मादीला बोलावणारा छोटा सरडा उन्हातल्या मोकळ्या जमिनीवरच राहतो. मार्च ते मे या दिवसांत त्याला बघ, दगडाच्या टोकावर चढून झालर उघडतो-मिटतो, शेजारच्या नराला हाकलतो, पुन्हा येऊन बसतो. तिथे दाट झाडी झाली की तो निघून जातो. फुरसं, चंडोल, माळटिटवी यांचंही तसंच. वृक्षारोपणाची बैठक होईल तेव्हा तिथे जा, आणि लावण्याआधी त्या जागेवर कोण राहतं याची नोंद वर्षभर कर म्हणून सांग. हातात वही असेल तर लोक ऐकतात. नुसत्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

सापांविषयी तुझ्या आईने मला दम भरलाय, म्हणून नाही, पण मला वाटतं म्हणून सांगते. साप पकडायला शिकू नकोस. निदान इतक्यात नको. पुण्यात सापांविषयी लोकांची नजर बदलण्यात नीलिमकुमार खैरे यांचा वाटा फार मोठा. १९८० साली ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं. पण त्या प्रयोगातून आपण घ्यायचं ते साप शांत असतो एवढंच. गळ्यात साप घालून फोटो काढण्याचा त्याच्याशी संबंध नाही. अशा फोटोंपायी चांगली जाणकार मुलं गेली आहेत.

ओळखायला मात्र आत्तापासून शीक. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांतला फरक रोज मनात घोकत जा. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट, मानेकडे पुसट किंवा नाहीतच, मागे स्पष्ट, आणि बरेचदा जोडीजोडीने. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले इतरांपेक्षा मोठे, षटकोनी असतात. डुरक्या घोणस बिनविषारी, पण खरी घोणस तिच्यासारखी दिसते म्हणून लोक फसतात. घोणसीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि ती कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, तो आवाज एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. हे सगळं माहीत असूनही, कुणी अंधुक फोटो पाठवून विचारलं तर ‘बिनविषारी आहे’ असं कधी लिहू नकोस. दूर राहा, नजर ठेवा, जाणकार माणूस बोलवा, एवढंच लिही. तुझ्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी हात घालील.

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये साप वर येतात. दिवड बहुतेक वेळा, कधी घोणस. त्या दिवसांत वॉचमनकाकांकडे जाऊन बस. रात्रपाळीची माणसं आणि काठाला म्हशी चारणारे मामा यांनी जे पाहिलेलं असतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. ओळख वाढली की तेच तुला हाक मारतील, काठी उचलण्याआधी.

चावलं तर काय, हे घरात सगळ्यांना पाठ करून घे. आवळपट्टी बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, चावलेला हात-पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा, आणि प्रतिविष असेल त्या मोठ्या रुग्णालयात पोचायचं. मण्यारीचा दंश दुखत नाही म्हणून कुणी झोपी जाऊ नये. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळूनच असतं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. सापाची बाजू घेणाऱ्याने हा आकडा विसरता कामा नये. शेतात राबणाऱ्या माणसाची भीती खरी आहे, तिला हसायचं नाही.

गर्दीचंही सांगते. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला. लोक मागे धावले, मोबाइल पुढे आले, आणि दिवस संपायच्या आत तो मेला. त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. तेव्हा बघ्यांना लांब ठेवलं गेलं आणि तो आपल्या वाटेने परत गेला. घोरपड असो की गवा, तुझं काम आधी माणसं मागे सारण्याचं. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

आणि जागा कुणाला सांगू नकोस. मांडुळाच्या नावावर चालणारा पैशांचा बाजार तुला माहीत आहे. चांगला फोटो टाकलास तर तालुक्याचं नाव पुरे. अचूक ठिकाण तुझ्या वहीत राहू दे. वहीत तारीख, वेळ, पाऊस झाला की नाही आणि प्राणी काय करत होता, एवढं रोज लिही. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिही. दहा वर्षांनी एखाद्या डबक्यातला आवाज थांबला, तर तो कधी थांबला हे त्या नोंदीवरूनच सांगता येईल.

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी राहायला ये. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दोन टॉर्च आणि पावसात भिजली तरी चालेल अशी वही घेऊन ये. आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेव.

तुझी,
आत्या