ससिकरक्षण लीळा आणि पेंचचे अरण्य

लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा पंथातील लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. पारधी व त्यांची कुत्री पाठीस लागलेला एक ससा जिवाच्या आकांताने धावत आला आणि आसनस्थ असलेल्या सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली शिरून दडला. मागोमाग पारधी आले. सशावर त्यांची होड लागलेली होती, म्हणून त्यांनी तो परत मागितला. आश्रयास आलेला जीव देता येत नाही, असे स्वामींनी त्यांस सांगितले. रानातले तृण खाऊन राहणाऱ्या त्या जीवाने कोणाचे काय बिघडविले, हेही विचारले. पारध्यांची समजूत पटली. पुढे अशी हत्या न करण्याचे त्यांनी मान्य केले. मग स्वामींनी जानु उचलली आणि सशाला, एखाद्या थोर पुरुषास निरोप द्यावा तसा, आदराने निरोप दिला.

या लीळेचे निरूपण बहुधा शरणागताचे रक्षण या एकाच अंगाने केले जाते. ते योग्यच आहे. परंतु लीळेतील आणखी दोन गोष्टींकडे साधकाचे लक्ष क्वचितच जाते. पहिली अशी की, स्वामींनी सशाला आपल्याजवळ ठेवून घेतले नाही. त्याला पाळले नाही, पिंजऱ्यात घातले नाही. तो ज्या रानाचा होता त्या रानात त्याला जाऊ दिले. दुसरी अशी की, पारध्यांना शाप दिला नाही की हाकलून लावले नाही. त्यांच्याशी बोलणे झाले, आणि ससा सुटला तो त्यांच्या संमतीने. जीवाचे रक्षण, त्याच्या स्थानाचे रक्षण आणि मारणाऱ्याचे मतपरिवर्तन ही तिन्ही अंगे या छोट्याशा प्रसंगात एकत्र आली आहेत.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे अगत्याचे आहे. लीळेतील ‘पारधी’ हा शब्द शिकारीच्या कर्माचा वाचक आहे. आज त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाला इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्यानुसार जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा जो प्रकार केला, तो स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. लीळेचा आधार घेऊन एखाद्या जातीकडे बोट दाखविणे हा लीळेचाच विपर्यास होय. शिवाय आजच्या काळात वन्य जीवांचा पारधी कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुष्कळदा तो दिसतच नाही.

नागपूरच्या उत्तरेकडील अरण्याचा विचार केला म्हणजे हे ध्यानात येते. भडोचेचे हरिपाळदेव ज्या रामयात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडले ते रामटेक याच जिल्ह्यात आहे, आणि तेथील भोगराम हे स्थान पंथीयांस परिचित आहे. रामटेकजवळच्या मनसरपासून देवलापारमार्गे खवासाकडे जाणारा रस्ता पेंचच्या वनातून जातो. पेंचला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा व १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. लगतचे मानसिंगदेव अभयारण्य २०१० साली घोषित झाले. तेराव्या शतकातील वाटा पायवाटा होत्या. वाट रानातून जाई, परंतु रानाचे दोन तुकडे करीत नसे. आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्याला जुने लोक अजून सात नंबरचा रस्ता म्हणतात, तो चौपदरी झाला आहे आणि त्यावर मालमोटारींची रीघ रात्रीही थांबत नाही.

रस्ता प्राण्याला दोन प्रकारे मारतो. एक, चाकाखाली, हे सर्वांना दिसते. दुसरा प्रकार संथ आहे. दिव्यांचा झोत आणि अखंड आवाज यांमुळे पुष्कळसे प्राणी रस्त्याजवळ फिरकेनासे होतात. अलीकडचे वन अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे अडकते. वाघाचा नर बच्चा सुमारे दोन वर्षांचा झाला की त्याला आईचा मुलूख सोडून स्वतःचा शोधावा लागतो. त्याची वाट खुंटली, तर तो एक तर मोठ्या नराशी झुंजून मरतो किंवा गावाच्या शिवारात शिरतो. थोड्याच प्राण्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच होत राहिली, तर वंश दुर्बळ होतो. वाघाला किती मोकळी भूमी लागते याची कल्पना टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नराने दिली. गळ्यात पट्टा बांधलेला हा वाघ २०१९ साली निघाला, तेलंगणाच्या सीमेत जाऊन आला, शेते, ओढे, रस्ते ओलांडीत सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि अखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचे अटन लोकांना कळले ते त्या पट्ट्यामुळे. पट्टा नसलेले किती निघतात आणि किती पोहोचतात, याची मोजदाद कोण ठेवणार?

महामार्गाच्या रुंदीकरणावरून पेंचमध्ये दीर्घकाळ वाद चालला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला, आणि शेवटी रस्ता झाला तो काही अटी पाळून. महाराष्ट्राच्या हद्दीतील वनपट्ट्यात रस्ता नऊ ठिकाणी वर उचलण्यात आला; खालून प्राण्यांना जाण्यास मार्ग ठेवण्यात आला. यांतील सर्वांत लांब भुयारी मार्ग साडेसातशे मीटरांचा आहे. हा खर्च वायफळ आहे, वाघ काय पाट्या वाचून पुलाखालून जाणार, अशी थट्टाही त्या वेळी झाली. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात संस्थेने तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून पाहिले. अठरा जातींचे वन्य प्राणी त्या मार्गांनी ये-जा करीत असल्याचे आढळले. चितळांचे कळप सर्वाधिक होते; रानडुकरे होती; आणि अकरा निरनिराळ्या वाघांनी मिळून एकोणनव्वद वेळा हा मार्ग वापरला होता. ज्यांनी थट्टा केली त्यांना वाघांनीच उत्तर दिले.

या पुलांखालची जागा फार मोठी नाही. सशाला लागलेली जागाही मोठी नव्हती. जानूखालची टीचभर भूमी त्याला पुरली. प्रश्न जागेच्या विस्ताराचा कमी आणि जानु तेथे आहे की नाही याचा अधिक असतो. मात्र सर्वच रस्त्यांच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. नागपूरहून कोंढाळीमार्गे अमरावतीकडे जाणारा रस्ता रिद्धपूरच्या यात्रेकरूंच्या नित्य परिचयाचा आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या दर्शनाच्या ओढीने कित्येक जीपगाड्या या रस्त्याने रात्री निघतात. याच रस्त्यावर बाजारगावजवळ डिसेंबर २०१७ मध्ये बोर प्रकल्पातील ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा नर वाघ वाहनाच्या धडकेने मेला. वाहन कोणाचे होते हा येथे मुद्दा नाही. पायी अटन करणारा भिक्षुक मुंगीलाही जपून पाऊल टाकतो. तोच वाहनात बसला की मार्गातील जीवाचा भार चालकावर टाकून डोळे मिटतो. चालकाला ‘रानातून जाताना हळू घे’ एवढे सांगणे यात्रेच्या विधीत बसण्यास हरकत नसावी.

यापेक्षा अवघड प्रश्न शेताच्या बांधावर आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील ‘जय’ हा वाघ एके काळी सर्वत्र गाजला. तो नागझिऱ्यातून चालत आला होता आणि एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाला. त्याचे पुढे काय झाले हे कळले नाही. त्याचा पुत्र ‘श्रीनिवास’ याचे मात्र काय झाले ते कळले. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात शेताभोवतीच्या तारेत सोडलेल्या विजेने तो मेला. ती तार वाघासाठी लावलेली नव्हती. रात्रीतून उभे पीक आडवे करणाऱ्या रानडुकरांसाठी ती होती. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला पापी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण लीळेत स्वामींनी तो सोपा मार्ग घेतला नाही, हे येथे पुन्हा आठवावे लागते.

मांसाला न शिवणारा, नित्य नामस्मरण करणारा एखादा वासनिकही आपल्या बांधावर अशी तार जोडतो. आपण कोणाला मारण्यास निघालो नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. परंतु ती तार डुकराला, वाघाला, शेजाऱ्याच्या बैलाला आणि पहाटे परसाकडे जाणाऱ्या माणसाला सारखेच ओळखते. आचारप्रकरणात साधकाला घालून दिलेला अहिंसेचा दंडक अशा ठिकाणी हेतूच्या शुद्धतेवर सुटतो, असे मानता येणार नाही. परिणाम ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला अजाणतेपणाची सबब कोठून मिळणार? उपाय नाही असेही नाही. सौर कुंपणात वीज क्षणभर ठोका देऊन थांबते. प्राणी मागे फिरतो, मरत नाही. त्यासाठी शासनाच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते, पिकाच्या नुकसानीची भरपाईही मिळते. ती वेळेवर हाती पडत नाही अशी तक्रार गावोगावी ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य असेल तेथे दोष शेतकऱ्याच्या माथी मारून भागणार नाही.

माणसाच्या बाजूचे दुःखही कमी नाही. महाराष्ट्रातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १०३ होती, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ साली सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प यांचे हे फळ आहे, आणि ते आनंदाचे आहे. पण वाघ वाढले तशी अरण्याची सीमा वाढली नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला पहाटे रानात वाकून काम करणाऱ्या स्त्रियांवर हल्ले होतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही भागात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात दगावल्या. त्यांच्या घरी जाऊन ससिकरक्षणाची लीळा सांगण्याचे धाडस कोणी करू नये. आधी त्या घरातील चूल पेटते की नाही ते पाहावे. ज्यांना रानात गेल्यावाचून पोट भरता येत नाही, त्यांना दुसरे पोट भरण्याचे साधन मिळाले तरच वाघालाही स्वस्थता मिळेल. तोवर एकट्याने न जाणे, उजाडल्यावर जाणे आणि मोहाखालचा पाचोळा न जाळणे, इतके तरी गावाने ठरवावे. फुले स्वच्छ जमिनीवर दिसावीत म्हणून लावलेली ती लहानशी आग वाऱ्याने पसरते आणि सरपटणारे जीव, पक्ष्यांची अंडी, कोवळी रोपे यांची राख करते.

पाळणे आणि रक्षणे यांतील भेद लीळेने दाखविला, तो नागपूरलाही पाहावयास मिळतो. सेमिनरी हिल्सवर २०१५ पासून जखमी वन्य प्राणी व पक्षी यांच्यासाठी उपचार केंद्र आहे. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली घार, विहिरीतून काढलेले कोल्हे तेथे येतात. बरे झाले की त्यांना परत सोडण्यात येते. गोरेवाडा येथील मोठ्या प्राणिसंग्रहालयाचा वाघसफारीचा भाग जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. तेथे गर्दी अधिक असते. पहिल्या ठिकाणी गर्दी नसते, आणि नसावीही. पण जानु उचलून निरोप देण्याचे काम तेथे चालते.

अजाणता होणाऱ्या हिंसेचे सर्वांत बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० नंतरच्या काळात भारतातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली. काही जातींत शंभरांतील सत्त्याण्णवांहून अधिक गेली. विष कोणी घातले नव्हते. आजारी गायीबैलांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध दिले जाई. औषध दिल्यानंतर लवकरच जनावर मेले तर त्याच्या मांसात ते उरे, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. २००४ साली हे कारण सिद्ध झाले. गायीवर केलेल्या दयेने गिधाड मरत होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली त्याच जातीच्या आणखी दोन औषधांवर, अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवर, बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात वाढविलेली दहा लांब चोचीची गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये पेंचला आणण्यात आली आणि पावसाळ्यात रानात सोडण्यात आली. त्यांनी दूरवर उडून कोणत्या गावच्या हाडोळीवर उतरावे हे कोणी ठरवू शकत नाही. माणसांसाठी विकली जाणारी डायक्लोफिनॅकची कुपी आजही औषधाच्या दुकानात मिळते आणि गोठ्यापर्यंत पोहोचू शकते. तिच्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध आहे. गाय आजारी पडली असता पशुवैद्याने कोणती सुई टोचली, हे गोठ्याच्या धन्याने विचारून घ्यावे.